पाळण्यातली बातमी

माझ्या वडिलांइतक्या सहजपणे दुसऱ्याच्या काळजाचा ठोका चुकवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. बरं, त्यात त्यांचा काही वाईट हेतू असतो म्हणावं तर तसंही नाही. मोठी बातमी जरा दम घेऊन, समोरच्याला खुर्चीवर बसवून सांगायची असते, हे त्यांना कोणी शिकवलेलंच नाही. ते ती कुठल्यातरी बारक्या वाक्याच्या शेपटीला बांधतात आणि सोडून देतात. सिंचन खात्यातली नोकरी त्यांनी मुदतीआधी सोडली, तेव्हा जेवता जेवता म्हणाले, "वांग्यात मीठ कमी आहे, आणि मी आज राजीनामा देऊन आलो." आईची पळी भाताच्या पातेल्यावर तशीच थांबली. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या घराची रस्त्याकडची खोली त्यांनी परस्पर भाड्यानं दिली, ते "पंखा बंद कर, उद्यापासून तिथं शिंपी बसणार आहे" या वाक्यातून कळलं. माझा बारावीचा निकालसुद्धा मला असाच मिळाला. "दूध उतू जाऊन राहिलं पाह्य, आणि तू पास झाली." मी दूध आणि आनंद दोन्ही एकदम आवरायला धावले, आणि दोन्ही ओट्यावर सांडलं.

त्यामुळे मी लंडनमध्ये नोकरी करत असताना एके दिवशी त्यांचा फोन आला, "इथं लय गर्मी आहे, तिथं स्वेटर लागते का? मी येऊन राहिलो," तेव्हा मी किंचाळले असले तरी मनातून फारशी चकित झाले नव्हते. चकित व्हायची वेळ पुढे होती. छत्तीसगढ राज्य नुकतंच वेगळं झालं होतं आणि आमचं रायपूर एका रात्रीत राजधानी झालं होतं. रिकाम्या दिसेल त्या इमारतीवर कुठल्यातरी खात्याची पाटी लागत होती. आमच्या शिंप्यानंसुद्धा आपल्या पाटीवर ‘राजधानी’ हा शब्द रंगवून घेतला होता. बाबा म्हणजे आपण राजधानीचे नागरिक आहोत हे ज्यांनी सगळ्यात जास्त मनावर घेतलं त्यांतले एक. विमानतळावर त्यांना घेऊन बाहेर पडले तेव्हा त्यांनी आजूबाजूला एकवार पाहिलं आणि एखाद्या बरोबरीच्या सहकाऱ्याचं काम तपासावं तशा आवाजात म्हणाले, "चांगलं आहे. यांचं जुनं झालं आता. आपलं सुरू होऊन राहिलं."

मी आठवडाभर रजा काढली होती आणि त्यांना लंडन दाखवायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात लंडनलाच बाबा पाहायला मिळाले. भुयारी गाडीत आम्ही चढलो, तर नेहमीप्रमाणे डबाभर माणसं एकमेकांकडे न पाहता गप्प बसलेली. बाबांनी थोडा वेळ ती शांतता सोसली, मग माझ्याकडे वाकून गंभीरपणे विचारलं, "कोणी गेलं का यांच्यातलं?" नाही म्हटल्यावर त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि बेसनाची तळलेली ठेठरी अख्ख्या बाकाला वाटायला सुरुवात केली. मी खिडकीकडे तोंड करून ओळख नसल्यासारखी उभी राहिले. समोरच्या एका धिप्पाड गृहस्थानं मात्र एक तुकडा घेतला, चावला, आणि हात पुन्हा पुढे केला. "पाह्य," बाबा विजयानं म्हणाले, "भूक होती, कोणी विचारत नव्हतं." राजवाड्यापुढे ती उंच केसाळ टोपी घालून पुतळ्यासारखा उभा असलेला पहारेकरी त्यांनी पाहिला आणि थेट त्याच्या नाकासमोर जाऊन विचारलं, "भैया, पसीना नहीं आता?" तो अर्थातच बोलला नाही. बाबांनी उलटसुलट विचार करून निष्कर्ष काढला की सकाळी घरून भांडून आला असावा, आणि त्याच्या खांद्यावर थोपटायला हात उचलला. तो हात मी हवेतच धरला. त्या दिवशी मी जितकं मनातल्या मनात देवाला बोलावलं तितकं बारावीच्या परीक्षेतही बोलावलं नव्हतं.

बाबांचं इंग्रजी हा एक वेगळाच प्रकार होता. सरकारी पत्रांवर सगळा जन्म गेल्यामुळे त्यांना इंग्रजी येत होतं ते फक्त पत्रातलं. बसच्या वाहकाला ते म्हणाले, "काइंडली अरेंज टू स्टॉप." संग्रहालयाच्या दारातल्या मुलीला म्हणाले, "वुई आर ऑल्सो फ्रॉम कॅपिटल." ती गोड हसली आणि तिनं आम्हाला नकाशा दिला.

एवढ्या सगळ्यात मला एकच धास्ती होती. मी तिशी ओलांडली होती, अविवाहित होते, आणि नागपूरच्या आत्यापासून दुर्गच्या मामीपर्यंत सगळे माझ्यासाठी मुलं शोधत होते. बाबा एवढा खर्च करून आले ते नुसते पूल आणि पुतळे पाहायला नाहीत, हे मला कळत होतं. कारण अधूनमधून ते एकदम थांबायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "पोट्टी, एक सांगायचं होतं." मी लगेच बोट दाखवायची, "बाबा, ते घड्याळ बघा!" घड्याळ झालं, पूल झाला, किल्ला झाला. शेवटी दाखवायला फक्त नदीकाठचा तो प्रचंड आकाशपाळणा उरला. काचेच्या बंद खोल्या हळूहळू वर जातात आणि सगळं शहर खाली पसरतं. आमच्या खोलीत एक नवपरिणीत जोडपं होतं आणि एक म्हातारे गृहस्थ होते. आम्ही अगदी माथ्यावर आलो. बाबा काचेला नाक लावून खाली पाहत होते.

"आपल्या खारून नदीपेक्षा काही फार मोठी नाही," ते म्हणाले. "आणि मी लग्नाचं म्हणून राहिलो."

माझं सगळं पाठ होतं. मी एका दमात म्हणून टाकलं, "बाबा, मला आत्ता लग्न करायचं नाही, आत्यानं सुचवलेल्या त्या नागपूरच्या मुलाला स्पष्ट नाही कळवा, आणि आत्याला म्हणावं..."

"तुह्यं नाही वं," बाबा म्हणाले. "माह्यं."

खाली लंडन होतं, वर आकाश होतं, आणि दार बाहेरून बंद होतं. नेमकं त्याच क्षणी त्या नवऱ्या मुलानं माझ्या हातात कॅमेरा दिला आणि आमचा फोटो काढाल का म्हणून विचारलं. मी काढला. त्या बिचाऱ्यांच्या मधुचंद्राचा एक फोटो हललेला निघाला असणार. कॅमेरा परत दिला आणि मी हिंदीत सुटले. लहानपणी बाबा मराठीत बोलायचे आणि मी हिंदीत उत्तर द्यायची, ती सवय राग आला की परत यायची.

"आप मज़ाक कर रहे हो?"

"मजाक काहून करू? अभनपुरच्या दवाखान्यात नर्स होती. आता रिटायर झाली. छत्तीसगढी आहे, मराठी समजते थोडी."

"और आई?"

आई जाऊन तोवर काही वर्षं झाली होती. बाबांनी काचेवर आपल्या श्वासाचं धुकं जमलं होतं ते रुमालानं पुसलं.

"कीजिए शादी," मी म्हणाले. "मैं रायपुर नहीं आऊँगी."

पाळणा खाली यायला लागला. कधी एकदा जमिनीला टेकतो असं मला झालं होतं, आणि तो आपल्या गतीनं, एखाद्या सरकारी फायलीसारखा उतरत होता. परत येताना भुयारी गाडीत बाबा गुडघ्यांवर हात ठेवून गप्प बसले. कोणाला काही विचारलं नाही, डबा काढला नाही. बघणाऱ्याला वाटलं असतं, हा माणूस जन्मापासून लंडनमध्येच राहतो. मला वाटलं होतं की मला हेच हवं होतं. पण ते गप्प बसलेले बाबा पाहून मला त्या पाळण्यातल्यापेक्षाही मोठा धक्का बसला.

दोन दिवस आम्ही भाजीत मीठ आहे की नाही एवढंच बोललो, आणि त्या वाक्याच्या शेपटीला काहीच नसायचं. रजा संपून मी कामावर गेले. संध्याकाळी घरी आले तर घर रिकामं. बाबांचे बूट दाराशी, कोट खुंटीला, आणि बाबा नाहीत. रस्त्यांची नावं त्यांना येत नव्हती, फोन नंबर पाठ नव्हता, आणि अंगात असणार फक्त तो पातळ स्वेटर. मी जिन्याकडे धावले, आणि समोरच्या बंद दारातून आवाज ऐकू आला.

"आय हॅव द ऑनर टू स्टेट दॅट आय ॲम गेटिंग मॅरिड."

त्या दारामागे एक एकट्या म्हाताऱ्या बाई राहायच्या. इतक्या वर्षांत आमचं नातं मान हलवण्यापुढे गेलं नव्हतं. मी दार वाजवलं. बाईंनी उघडलं आणि मला एकदम मिठीच मारली. "तुझ्या वडिलांचं लग्न! किती आनंदात असशील तू!" आत बाबा माझ्या घरातल्या चपला घालून सोफ्यावर बसले होते, समोर चहा आणि लोणी लावलेला टोस्ट. मला पाहून ते अर्धवट उठले आणि परत बसले.

"बस, बस," बाई मला म्हणाल्या आणि बाबांकडे वळल्या. "मला एक सांगा, नवरी कशी आहे?"

"शी इज रिटायर्ड ऑन फुल पेन्शन," बाबा म्हणाले.

"नाही हो, माणूस म्हणून कशी आहे?"

पत्रातलं इंग्रजी इथं संपलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय विचारून राहिल्या त्या?"

"विचारतायत," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच वेगळा वाटला, "की ती कशी आहे."

इतकं रागावून, इतकं बोलून झालं होतं, पण हा एक प्रश्न मी विचारला नव्हता. तो आता मला त्या बाईंच्या वतीनं विचारावा लागला. बाबांनी टोस्ट खाली ठेवला.

"अभनपुरच्या बसमध्ये भेटली," ते म्हणाले. "मी खिडकीपाशी होतो. मी म्हटलं, यंदा धान चांगलं आहे. ती काही बोलली नाही. मी म्हटलं, बस हळू चालून राहिली. तरी नाही. मग मी ड्रायव्हरले सांगून राहिलो होतो गाडी कशी चालवायची ते, तर ती म्हणे, ‘आप थोड़ा चुप बैठोगे क्या?’ सगळी बस पाहून राहिली. मी अभनपुरपर्यंत चूप बसलो. उतरताना तीच म्हणे, ‘नाराज हो गए? चाय पियोगे?’"

मी हे सगळं इंग्रजीत सांगितलं. बाई टाळ्या वाजवून हसल्या. त्यांच्याबरोबर मीही हसत होते हे माझ्या नंतर लक्षात आलं. मग बाईंनी कप खाली ठेवला आणि विचारलं, या वयात लग्न का करावंसं वाटलं. हा प्रश्नही मीच मराठीत विचारला.

बाबांनी कपाच्या कानाशी चाळा केला. "रोज संध्याकाळी ताट घेऊन बसतो ना मी," ते म्हणाले, "तर काहीतरी सांगायचं असतेच. शिंपी भांडला, नळ आला नाही, तलावावर कोण भेटलं. तुही आई होती तर एकदम पळी थांबवायची. आता मी सांगतो आणि भिंतीकडे पाहतो. फोनवर तुले सांगावं तर तू कामात. तुह्यं खरं आहे, तुले काम आहे. मी काही तक्रार नाही करून राहिलो."

मी इंग्रजीत सुरुवात केली. "ते म्हणतात की संध्याकाळी..." पुढे मला एक शब्द सापडेना. बाईंनी मला थांबवलं. "राहू दे," त्या म्हणाल्या. "तेवढं कळलं मला." आणि त्यांनी उठून किटली पुन्हा गॅसवर ठेवली.

"आणि त्याईले म्हणा लग्नाले या," बाबा मागून ओरडले. "कॅपिटल आहे, हॉटेलं आहेत!"

त्या आल्या नाहीत. मी गेले. हिवाळ्यात, नोंदणी पद्धतीनं, मोजक्या माणसांत लग्न झालं. नवरी उंच, सावळी, आणि वॉर्डभर ऐकू जाईल असा आवाज असलेली. मी पोचले तेव्हा बाबा नव्या राजधानीची हकीकत सांगू लागले, तर त्या म्हणाल्या, "चुप रहो, बिटिया थकी है," आणि बाबा खरंच चूप बसले. मला हा चमत्कार उभ्यानं पाहावा लागला. आईचा फोटो बाहेरच्या खोलीत कितीतरी वर्षं तिरपा लटकत होता. त्यांनी बाबांना स्टुलावर चढवून तो सरळ करायला लावला. "बेचारी कब से टेढ़ी देख रही हैं," त्या म्हणाल्या, आणि खालून हातानं दाखवत राहिल्या, थोड़ा इधर, थोड़ा उधर. त्यांना काय म्हणायचं हा माझा मोठा प्रश्न होता. आई म्हणवेना, काकू शोभेना. दवाखान्यात सगळे त्यांना दीदी म्हणत, तर मीही दीदी म्हणू लागले. वडिलांच्या बायकोला दीदी म्हणणारी मी तात्यापाऱ्यात एकटीच असेन, पण हळूहळू लोकांनाही सवय झाली.

आता मी रविवारी फोन करते, तेव्हा तिकडे जेवायची वेळ असते. बाबा अजूनही बातम्या देतात. मागच्या वेळी म्हणाले, "तुह्या खोलीत कांदे ठेवले आहेत, आणि आम्ही दोघं बद्रीनाथले जाऊन राहिलो." मी किंचाळते. मागून दीदींचा आवाज येतो, "खाना ठंडा हो रहा है," आणि बाबा लगेच म्हणतात, "हव, हव, आलो. बरं ठेवतो पोट्टी." पूर्वी फोन ठेवायची घाई मला असायची. आता तिकडून तो ठेवला जातो. मी रिसीव्हर कानाला धरून थोडा वेळ तशीच बसते. बरं वाटतं, खरंच बरं वाटतं. मग उठते आणि एकीपुरता भात गॅसवर ठेवते.