तालमीचे तीस शौकीन

परवा माझा नातू पुण्याला मॅच बघायला निघाला होता. उतरायचं कुठं, खायचं कुठं, मॅच संपल्यावर बसायचं कुठं, सगळं दोन तास मोबाइलवर शोधत बसला. मी म्हटलं, अरे, एक कार्ड टाकायचं ना कुणाला तरी. तर हसला मला. हसू दे. कार्ड काय करू शकतं ते त्याला काय ठाऊक. एका कार्डावर आमच्या घरी तीस कुस्तीशौकीन येऊन उतरले, दोन दिवस राहिले, आणि जाताना माझं आयुष्य फिरवून गेले. येताना बिचाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

पोलिस ॲक्शन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आमचं घर शहागंजच्या मागच्या गल्लीत. सासरे, म्हणजे आमचे मामंजी, निजामाच्या राज्यात तहसिलीत पेशकार होते. त्यांचं उर्दू अक्षर असं की लोक लांबून अर्ज लिहून घ्यायला यायचे. राज्य बदललं, कचेरीत मराठी आली, आणि मामंजींनी नोकरी सोडली. “ज्या कचेरीला माझी कलम नको, तिला मी नको,” असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. मग घराच्या पुढच्या दोन खोल्यांत खानावळ काढली. जेवण खाली, पथारी माडीवर. बाहेर दोन लिप्यांतली पाटी. पाटीचा रंग मामंजींनी पसंत केला. बाकीची खानावळ सासूबाईंनी आणि मी चालवली.

माझं माहेर नगरकडचं. मी मराठी सातवी पास होऊन या घरात आले होते. त्या वर्षी मुलींच्या मराठी शाळा निघत होत्या आणि शिकवायला बाया मिळत नव्हत्या. शिक्षिकांच्या ट्रेनिंगचे फॉर्म निघाले, मी एक आणला. त्यावर घरातल्या कर्त्या माणसाची सही पाहिजे होती आणि मुदत होती शनिवारपर्यंत. नवऱ्याला विचारलं तर म्हणाले, “बाबा म्हणतील तसं.” जन्मभर त्यांनी दुसरं मत काही दिलं नाही. आणि बाबा तर काहीच म्हणेनात. नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. फॉर्म मी पिठाच्या डब्याखाली ठेवला होता. दिवसातून दहादा डबा उचलून बघायची. मला ती सही पाहिजे होती. त्या वेळी मला जगात दुसरं काहीच नको होतं.

मंगळवारी जालन्याकडच्या एका गावाहून उर्दूत लिहिलेलं कार्ड आलं. मामंजींनी ते मोठ्यानं वाचलं. “तालीम के तीस शौक़ीन जुमेरात को पहुँचेंगे. दो रोज़ ठहरने और खाने-पीने का बंदोबस्त रखिए.”

आता बघा. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे पैलवानांचा आखाडा. आमच्या गावात या दोन्ही तालमी एकाच गल्लीत नांदायच्या, आणि गल्लीतल्या शेंबड्या पोराचीही कधी गफलत व्हायची नाही. गफलत व्हायला शिकलेलाच माणूस लागतो.

“शौकीन!” मामंजी म्हणाले. “शिक्षणाचे शौकीन. कुणीतरी मोठे मास्तर लोक दिसतात.” मग त्यांची नजर माझ्याकडं गेली. “सूनबाई, तुझा तो फॉर्म. शिक्षणाचं जाणत्यांना विचारावं. तालीमवाले येताहेत. त्यांनी हो म्हटलं की सही करतो. पेशकाराचा शब्द आहे.”

मी आत जाऊन देवापुढं साखर ठेवली.

दोन दिवस मामंजी स्वतः राबले, हीच मोठी नवलाई. माडीवर सतरंज्या, प्रत्येक सतरंजीशी दौत आणि बोरू. मास्तरांना काही मांडून दाखवायचं झालं तर म्हणून चार नव्या पाट्या आणि पेन्सिली. स्वयंपाकाला वरणभात, लिंबाची फोड, एकेक फुलका. “विद्वान माणूस हलकं खातो,” असं त्यांनी सांगितलं. सासूबाई नुसत्या माझ्याकडं बघून घ्यायच्या. मी आपली कविता पाठ करत होते, पाढे म्हणत होते, न जाणो मास्तर काय विचारतील.

गुरुवारी दुपारी शौकीन आले. धोतरं, फेटे, हातात काठ्या, आणि बहुतेकांची पोटं चांगली पुढं आलेली. लढणारी पोरं निराळी, ती कुस्त्यांच्या मैदानाजवळच उतरली होती. हे बघणारे. यांच्यापैकी कुणाच्या अंगाला कधी माती लागली असेल असं वाटेना, पण आवाज सगळ्यांचे खणखणीत. पुढं एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा, कान चेपून भजी झालेले. मी दाराआडून ते कान पाहिले आणि हे कुठल्या तालमीचे ते ओळखलं. मामंजींना मात्र कान दिसले नाहीत. शेरवानी घालून ते अदबीनं पुढं झाले.

“उस्ताद कोण आपल्यात?”

“म्याच वस्ताद,” म्हातारा म्हणाला.

“वा. तालीम कशी काय चाललीय आपली?”

“लई झ्याक. औंदा दुमजली केली.”

“शागीर्द किती?”

“चाळीस पोरं हायेत. पहाटं चारला उठवतो. न्हाय उठलं का काठी.”

“शिस्त पाहिजेच,” मामंजी खूश झाले. “सुरुवात कशानं करता?”

“पैल्यांदा बैठका. मंग पट काढाय शिकवतो.”

“पट तर नीट ठेवलाच पाहिजे,” मामंजी म्हणाले. वस्तादांचा पट म्हणजे पाय धरून पाडायचा डाव, यांना शाळेचा हजेरीपट दिसत होता. “आणि निकाल?”

“निकाल काय, पाठ लागली की निकाल.”

“म्हणजे पाठ झाला की लगेच निकाल? वर्षभर थांबायचं नाही? पद्धत चांगली आहे.”

“थांबतंय कोन? पाठ मातीला लागली की समदा फड उठतो, आसा,” असं म्हणून वस्तादांनी मांडीवर शड्डू ठोकला. मागच्या एकोणतीस जणांनीही ठोकला. माडीवरची एक दौत लवंडल्याचा आवाज खाली ऐकू आला.

मामंजींना आता ते कान दिसले. शेरवानीची गुंडी सोडत आपल्या खोलीत गेले, कपाळाला फडकं बांधलं आणि आडवे झाले. मी परातीत तोंड घालून रडले. खोटं कशाला सांगू, त्या तीस माणसांचा मला इतका राग आला की वरणात मीठ घालायचंही राहिलं.

त्यांनी ते तसंच खाल्लं. पाचव्या मिनिटाला पानं साफ, आणि एक जण भाबडेपणानं म्हणाला, “वैनी, न्याहारी ग्वाड झाली. जेवान कवा?” आम्ही दोघी चुलीशी बसलो. ज्वारीच्या भाकरी किती थापल्या ते आमच्या मनगटांनाच माहीत. प्यायला काय, विचारलं तर म्हणाले, दूध. गवळ्याकडून दोनदा चरव्या भरून आणाव्या लागल्या. संध्याकाळी त्यांना मटणाची आठवण झाली. सासूबाई म्हणाल्या, “या चुलीवर नाही. शहागंजात नान-खलिया मिळतो, पोटभर खा. येताना आडावर चूळ भरून मगच उंबरा ओलांडा.” तीस माणसं खाली मान घालून गेली, खाऊन आली, आडावर रांगेनं चुळा भरल्या. एवढा आज्ञाधारक वर्ग मला पुढं नोकरीतही मिळाला नाही.

शुक्रवारी सकाळी वस्ताद दारात आले. हातात कुस्त्यांचं छापील पत्रक. कोणती जोड किती वाजता ते त्यांना पाहिजे होतं. “पेशकारसाहेब वाचत्याल का?” मामंजी आतूनच म्हणाले, “मला बरं वाटत नाही.” मग मी दाराआडून पत्रक घेतलं आणि वाचलं. पहिली जोड, दुसरी जोड, निकाली कुस्ती कोणती, सगळं. अंगणात तीस माणसं उकिडवी बसून ऐकत होती.

“ताई, लई सुद्द वाचता,” वस्ताद म्हणाले. “साळंत शिकिवता काय?”

तेव्हा माझा बांध फुटला. दाराआडूनच सगळं सांगून टाकलं, फॉर्म, मुदत, तालीमवाल्यांचं हो. वस्ताद ऐकत राहिले. मग म्हणाले, “शिकवा की. आमच्या गावात साळा हाय, पर बाई न्हाय. म्हून पोरी गवऱ्या येचतात. व्हय म्हनायला काय लागतंय? व्हय.”

ते हो माझ्या कानात दिवसभर राहिलं. शौकीन मैदानावर गेले, आताच्या क्रांती चौकापलीकडं तेव्हा मोकळं रान होतं तिकडं. इकडं मी मनातल्या मनात मामंजींशी वाद घालत होते.

शनिवारी सकाळी शौकीन न्याहारी करून निघाले. वस्तादांनी मामंजींना रामराम केला तेवढ्यात मी डब्याखालचा फॉर्म काढून बाहेर आले. डोक्यावर पदर, पण आवाज पत्रक वाचल्यासारखा.

“मामंजी, तालीमवाल्यांनी हो म्हटलंय.”

मामंजींनी वस्तादांकडं बघितलं. “हे ते तालीमवाले नव्हेत,” ते म्हणाले.

“कार्डावर तर तेच लिहिलं होतं,” सासूबाई म्हणाल्या. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण चारचौघांत नवऱ्याला उलट बोलताना त्यांना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. “आणि शब्द पेशकाराचा होता.”

वस्ताद मिशीत हसले. “साहेब, पाठ लागली तुमची.”

मामंजींनी सही केली. उर्दूत, डौलदार. मी धावतच कचेरीत गेले. कारकुनानं फॉर्म उलटा धरला, सुलटा धरला, आणि परत दिला. “ही सही चालत नाही आता. बाळबोधीत आणा. पाच वाजेपर्यंत.”

तापलेल्या रस्त्यानं घरी आले. मामंजी एकटेच माडीवर बसले होते. मी सांगितलं. त्यांनी फॉर्म घेतला, बोरू उचलला आणि तसेच बसून राहिले. मला वाटलं, अडले. आता काही सही मिळत नाही. मग त्यांचा हात बघितला. बोरू फॉर्मच्या उजव्या कडेला टेकवून ते पहिलं अक्षर शोधत होते.

ते पोथी वाचायचे, बाळबोध, म्हणजे देवनागरी, त्यांना वाचता यायचं. पण लिहायची वेळ कधी आलीच नव्हती. अख्खी नोकरी उर्दूत झाली, घरचं टिपण मोडीत. कचेरीनं त्यांची कलम नाकारली नव्हती. चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर धाकट्या कारकुनांसमोर मुळाक्षरं गिरवायला लागतील, म्हणून ते उठून घरी आले होते. आणि मी मेली, इतके दिवस त्यांना आडमुठा म्हातारा समजत होते.

मास्तरांसाठी आणलेल्या पाट्या तिथंच होत्या. एक घेतली, त्यांचं नाव मोठ्या अक्षरात काढलं आणि पाटी त्यांच्यापुढं सरकवली.  ते गिरवायला लागले. पहिलं अक्षर पुसलं, दुसरं पुसलं. शिरोरेघ उजवीकडून डावीकडं ओढायला जायचे, मी बोटानं दाखवायची. चार वाजता त्यांनी फॉर्मवर नाव लिहिलं. वेडंवाकडं, एक वेलांटी भलतीकडं वळलेली, पण वाचता येण्याजोगं.

फॉर्म माझ्या हातात देताना ते म्हणाले, “सूनबाई, हे बाहेर बोलू नकोस.”

मी तीस वर्षं शाळेत बाई होते. कितीतरी पोरींना मुळाक्षरं शिकवली. पहिला विद्यार्थी कोण, असं निरोपसमारंभात विचारलं, तेव्हाही मी सांगितलं नाही.