आम्ही न गेलेलं घर

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. अर्थशास्त्र विभागाने कन्नौदकडच्या एका गावात पाण्याच्या सर्वेक्षणासाठी मला निवडलं, तेव्हा देवासभर मिरवलो. शेवटच्या दिवशी बस चुकेल म्हणून गावाच्या टोकाचं एक घर मी सोडलं आणि शेजारच्यांचं बघून त्याचा फॉर्म अंदाजाने भरला.

त्या कामाला पुढे पुरस्कार मिळाला. आमच्या विभागाची रीत अशी की अहवाल त्या गावातच वाचून दाखवायचा. शाळेच्या पटांगणात सर म्हणाले, "आम्ही इथल्या प्रत्येक घराशी बोललो."

एक म्हातारी उठली आणि गावाच्या टोकाकडे हात करून म्हणाली, "म्हारे घर तो कोई नी आयो, भिया."

सर माझ्याकडे वळले. "टोकाचं घर तुझ्याकडे होतं ना रे? गेला होतास?"

"हो सर."

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मग तीच ओशाळली. आपणच तेव्हा शेतावर असू, असं काहीसं पुटपुटत खाली बसली. सर पुढे वाचू लागले. ती पाणी कुठून आणते, हे कुणी विचारलंच नाही. मी तर नाहीच नाही.