राखेनं घासलेली बाटली

भूकंपात नवरा गेला आणि घर गेलं. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहायचं नाही. राखेनं भांडी घासायची सवय आधीचीच होती, पत्र्याच्या शेडमध्ये साबण नव्हता तेव्हा ती पक्की झाली. राख लागल्याशिवाय भांडं धुतल्यासारखं मला वाटत नाही.

पुढं मुलीला घेऊन लातूरला आले. तेव्हा तिथं गल्लोगल्ली क्लास निघत होते. शिकवणीच्या पोरांसाठी मी मेस काढली. शेजारची मेसवाली पातेल्यात किती भाजी उरली ते बघून किती जण जेवले ते सांगायची. पातेलं बदललं की तिचा अंदाज चुकायचा. मी उष्टी ताटं मोजायची. माझं चुकलं नाही.

एवढ्या क्लासवाल्यांत राहून माझी मुलगी डॉक्टर झाली नाही. ती रसायनशास्त्रात पीएच.डी. करायला नांदेडला गेली. मी चौथी शिकलेली बाई, मला ते डॉक्टरपेक्षा कमी वाटलं नाही.

पाण्यातलं पोटॅशियम मोजायचं हे तिचं काम. पोटॅश म्हणजे खत, एवढं मला ठाऊक होतं. बाकीचं तिनं भाकरी थापता थापता समजावलं. पाणी आणि त्यात न मिसळणारं तेलासारखं द्रव एकमेकांना टेकवून ठेवायचं. पाण्याचा थर अगदी पातळ. मग विजेनं ओढून पोटॅशियमचा कण न् कण पाण्यातून त्या द्रवात न्यायचा. प्रत्येक कणाबरोबर ठरलेली वीज जाते, ती मोजली की कण मोजले गेले. दुसऱ्या यंत्रांना आधी पोटॅशियम किती ते ठाऊक असलेलं पाणी दाखवून शिकवावं लागतं. तिच्या यंत्राला लागत नाही.

"तू ताटं मोजतीस ना माय, तसंच."

भूकंपानंतर वसवलेल्या आमच्या गावच्या बोअरचं पाणी तिला हवं होतं. मी जाऊन आणलं. तिनं दिलेली बाटली स्वच्छच होती, तरी मी ती बुचासकट आतून राखेनं तीनदा घासली. गावात पाण्याची ओढ होती, म्हणून विसळली थोडक्यात.

तिच्या सरांनी त्याच बोअरचं पाणी वेगळं मागवलं होतं. त्यांच्या जुन्या मशीननं पोटॅशियम थोडं दाखवलं, हिच्या यंत्रानं कितीतरी पट. सर म्हणाले, यंत्र शिकवून घ्या, नाहीतर विषय बदला. चार वर्षांचं काम पाण्यात जाणार होतं. तिनं मला फोन करून विचारलं, बाटली कशानं धुतली. मी सांगितलं. ती म्हणाली, राखेत पोटॅशच असतं.

"मग यंत्र बरोबर हाय की," मी म्हणाले.

सरांना ती सबब वाटली. मुलगी विषय बदलायला तयार झाली. ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी नांदेड गाठलं. सरांनी खुर्ची दिली. मी उभीच राहिले.

"सर, मोजणारीचं चुकलं न्हाई. बाटली मी घासली, राखेनं. तेच पाणी तुमच्या मशीनला दाखवा."

"माय, गप," मुलगी मागून म्हणाली.

"गप बसायला तिकीट काढून आले न्हाई."

सर हसले नाहीत, पण उठले. माझ्या बाटलीतलं उरलेलं पाणी त्यांनी स्वतः मशीनला लावलं. आकडा हिच्या आकड्याला येऊन टेकला. मग हिनं सरांच्या बाटलीतलं पाणी आपल्या यंत्रावर घेतलं. तिथंही जमलं. सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"विषय राहू द्या," ते मुलीला म्हणाले. "बाटली मात्र आईकडं देऊ नका."

प्रबंध इंग्रजीत आहे, मला वाचता येत नाही. माझ्या बाटलीचा आकडा वगळ असं तिला एकदोघांनी सांगितलं होतं. तिनं वगळला नाही. आकडे मला येतात. तिनं पान काढून दिलं, तेव्हा तिच्या यंत्राचा आणि शेजारी सरांच्या मशीनचा, दोन्ही आकडे मी स्वतः वाचले.

भांडी अजून राखेनंच घासते.