सोमेश्वरच्या नावाची माशी

मुंजाजी कावरखेला बीपी नव्हता, शुगर नव्हती; त्याला सोमेश्वर घुगे होता.

कळमनुरीच्या कॉलेजात दोघंही प्राणिशास्त्र शिकवत. शिकलेही एकाच बाकावर, आणि तिथं मुंजाजीच्या वहीतल्या आकृत्या उतरवून सोमेश्वरनं त्याच्याहून जास्त मार्क घेतले. पुढं स्टाफरूममध्ये तो मुंजाजीच्या डब्यातला ठेचा खाऊ लागला, मुंजाजीच्या छत्रीतून घरी जाऊ लागला, आणि पेपरात फोटो मात्र त्याचा एकट्याचा यायचा. त्याचा विषय होता शेळीच्या आतड्यातले पट्टकृमी, म्हणजे लांबलचक चपटे जंत. गावातले खाटीक त्याच्यासाठी आतडी बाजूला काढून ठेवत आणि 'सर' म्हणत. मुंजाजीला ते बघवत नसे. त्याला आतडी नको होती. पण आपल्यासाठीही कुणीतरी काहीतरी बाजूला काढून ठेवावं, असं वाटे.

मुंजाजीची सगळी मदार एका खड्यावर होती. गुजरातच्या कोळशाच्या खाणीतला, गुळाच्या रंगाचा अंबर. कोट्यवधी वर्षांपूर्वी झाडातून गळलेला चीक गोठून दगड झाला आणि त्यात तिळाहून लहान एक गांधीलमाशी अडकून राहिली. मायक्रोस्कोपखाली तिच्या पंखाची एक शीर जिथं वळायला हवी तिथं वळत नव्हती. मुंजाजीनं देशोदेशीचे लेख पालथे घातले. अशी शीर कुणाच्याच माशीला नव्हती. म्हणजे नुसती नवी जात नव्हे, अख्खा नवा वंश. माणसांच्या हिशेबानं बोलायचं तर नवं नाव नव्हे, नवं आडनाव.

ते ठेवायचा मान मुंजाजीचा. पण या धंद्यात रीत आहे, शोधणाऱ्यानं स्वतःचं नाव द्यायचं नाही. आपणच हार आणून आपल्याच गळ्यात घातल्यासारखं दिसतं.

"मग माझं द्या," बायको शिला म्हणाली.

"अगं, ही माशी जित्या अळीच्या अंगात अंडं घालती. पिल्लू त्या अळीला आतून खात मोठं होतं, अन् अळीला पत्ताच न्हाई."

बोलता बोलता मुंजाजी थांबला. त्याच्या डोळ्यांसमोर ठेच्याचा डबा आला.

माशीचं नाव पडलं 'सोमेश्वरिया'. लेख छापून आल्यावर मुंजाजीनं तो स्वतः स्टाफरूमच्या टेबलावर ठेवला आणि सोमेश्वरचं तोंड उतरायची वाट पाहत बसला.

सोमेश्वरनं वाचलं, उठला आणि त्याला मिठीच मारली. डोळ्यांत पाणी.

"सख्खा भाऊ बी करत न्हाई रे एवढं. फेडीन मी हे."

"अरे, पण ती दुसऱ्याच्या अंगात राहून त्यालाच खाती," मुद्दा बराबर पोचावा म्हणून मुंजाजीनं सांगितलं.

"मी तरी काय येगळं करून राहिलो?" सोमेश्वरनं त्याचा डबा ओढला. "आज ठेच्यात मीठ कमी हाय."

बाजाराच्या दिवशी बसस्टँडवर फ्लेक्स लागला. मधोमध कोटातला सोमेश्वर, शेजारी त्याच्याच मापाची माशी. 'कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कीटकास आमच्या सरांचे नाव.' मुंजाजी खाली होता, शुभेच्छुकांत, मोबाइल दुरुस्तीवाल्या गुलाबचंदच्या शेजारी. फ्लेक्सपुढं उभ्या मुंजाजीलाच नांदेडच्या बसला थांबलेली माणसं विचारत, "तुमी वळखता का या सरांना?"

मुंजाजीला अन्न गोड लागेना. जगबुडी झाली तरी पुस्तकात सोमेश्वरिया राहणार, आणि त्याच्या शेपटाला, शोधणाऱ्याचं म्हणून, बारीक अक्षरात कावरखे.

सोमेश्वरनं मात्र शब्द पाळला. उन्हाळ्याच्या तोंडाला त्याचा लेख आला. शेळीच्या आतड्यात नवा पट्टकृमी सापडला होता आणि त्याला मुंजाजीचं नाव होतं.

शिला पदर तोंडाला लावून हसत राहिली. "शेळीच्या आतड्यात? बरं झालं, माझं न्हाई दिलं कुणी."

मुंजाजी चिडला नाही. खरं तर तो आतून सुखावला होता. त्यानं लेख पुन्हा वाचला, आणि चेहरा पडला.

"वंश जुनाच हाय. नुसती जात नवी. मी त्याला आडनाव दिलं, अन् यानं मला नावावर भागवलं."

"जंतात बी आडनाव पायजे व्हय तुमाला?"

मुंजाजी तडक कॉलेजात गेला आणि तो खडा मायक्रोस्कोपखाली ठेवला. ती शीर कुठंतरी थोडी वळत असेल. वळली असती, तर वंश नवा ठरला नसता. चूक कबूल करून दुरुस्तीचा लेख लिहिता आला असता, आणि सोमेश्वर आडनावावरून नावावर आला असता. घाम पुसत त्यानं माशी उजवीकडून पाहिली, डावीकडून पाहिली, उलटी करून पाहिली.

शीर सरळच होती. जन्मात एक काम त्यानं इतकं चोख केलं होतं, आणि ते सोमेश्वरच्या नावावर होतं.

"मुंजाजी," दारातून सोमेश्वरनं विचारलं, "डबा आणला का न्हाई आज?"