पुढची डावी सीट

कोणत्याही समाजाची खरी पारख तो आपल्या वडीलधाऱ्यांना कुठे बसवतो यावरून होते. आमच्या घरात वडीलधाऱ्यांना गाडीत मागे डावीकडे बसवतात. आमची गाडी लहान आहे. मागच्या सीटची पाठ बाबांच्या खांद्यांपर्यंत येऊन संपते आणि तिथून वर, म्हणजे मान आणि डोकं, हे ज्याचं त्याने सांभाळायचं असतं.

बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यातून बऱ्याच वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. आई गेल्यावर ते नागपूरचं घर बंद करून माझ्याकडे जयपूरला आले. मी विमा कंपनीत मोटारींच्या दाव्यांचं काम बघते; बदली होऊन इथे आले. नवरा बँकेत, त्याची बदली भलतीकडेच. त्यामुळे घरात मी, बाबा आणि सीतापुऱ्याच्या कॉलेजात शिकणारी माझी मुलगी, एवढीच माणसं.

साहेब मागे डावीकडे बसतो, हे बाबांना कुणी शिकवलं नव्हतं. ते नोकरीबरोबर आलं होतं, रक्तदाबासारखं. ड्रायव्हरशी तिरकं बोलता येतं, दार फुटपाथच्या बाजूने उघडतं, आणि पुढे पट्टेवाला बसतो. सीटच्या पाठीवर पांढरा टर्किश टॉवेल असतो. सिव्हिल लाइन्समधून ऑफिसला जाताना मला रोज अशा गाड्या दिसतात. टॉवेल आधी दिसतो, आत माणूस आहे की नाही हे नंतर कळतं. या व्यवस्थेत आणखी एक बारकावा आहे. पुढच्या डाव्या सीटचं हेडरेस्ट काढून ठेवलेलं असतं, साहेबांना समोरचा रस्ता मोकळा दिसावा म्हणून. पट्टेवाल्याच्या मानेचं काय, हा प्रश्न माझ्या माहितीप्रमाणे अजून कुठल्याही फाइलवर आलेला नाही.

जयपूरला आल्यावर पहिल्याच आठवड्यात बाबांनी माझ्या गाडीत दोन्ही सुधारणा करून घेतल्या. मागे इलॅस्टिक शिवलेला टॉवेल चढला, पुढचं हेडरेस्ट निघालं. मी होऊ दिलं. माणसाचं घर सुटलं होतं, निदान रस्ता तरी दिसू दे.

मग दिवाळीनंतर त्यांना शर्टाची बटणं लागेनाशी झाली.

आधी त्यांनी दोष शर्टाला दिला. मग पायातून चप्पल निसटायला लागली, आणि ती काही शिंप्याने शिवलेली नव्हती. एमआरआय झाला. मानेतल्या मणक्यांत मज्जारज्जू दाबला गेला होता. आमच्या डॉक्टरीणबाईंनी गळ्याला पट्टा दिला, ऑपरेशनचं ठरवायला सीतापुऱ्याच्या बाजूच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनची वेळ घेतली, आणि रात्री दही नको म्हणून सांगावं तितक्या सहज म्हणाल्या, “बस, झटका नहीं लगना चाहिए. पीछे से गाड़ी ठुक गई ना, तो हाथ जा सकते हैं.”

बाबा तेव्हा बाहेर बसले होते. हे वाक्य माझ्या एकटीच्या वाट्याला आलं.

मागून गाडी ठोकली जाणं म्हणजे काय, हे माझ्याइतकं जयपुरात फार थोड्या लोकांना ठाऊक असेल. आग्रा रस्त्यावर बस्सीजवळच्या अपघातांचे दावे माझ्याच टेबलावर येतात. फोटोत डिकी चेपलेली असते, आतल्या माणसांपुढे ‘किरकोळ’ असं लिहिलेलं असतं. त्या किरकोळ माणसांपैकी काही जण महिन्याभराने गळ्याला पट्टा लावून येतात. होतं असं की धक्क्याबरोबर सीट पाठीला पुढे ढकलते आणि डोकं तिथेच राहतं. मागे काही नसेल तर मान उलटी वाकते. हेडरेस्ट हे डुलकी काढायला दिलेलं असतं असा सर्वसाधारण समज आहे. ते त्या एका क्षणासाठी असतं. त्याचा वरचा काठ निदान कानांच्या वर आला पाहिजे, जमल्यास डोक्याच्या टोकाशी, आणि ते डोक्याला जवळजवळ चिकटून हवं. खाली दाबून ठेवलेलं हेडरेस्ट नसल्यापेक्षा वाईट. मान नेमकी त्याच्यावरून मागे मोडते.

तेव्हा बाबांनी पुढे बसायला हवं होतं. हे मी त्यांना सर्जनकडे जायच्या आदल्या संध्याकाळी सांगितलं.

“पुढे पट्टेवाला बसतो,” बाबा म्हणाले.

“आपल्याकडे पट्टेवाला नाही, बाबा.”

“म्हणून मी बसू?”

मुलगी मोबाइलमधून मान वर करून म्हणाली, “आजोबा, रोज पुढे मी बसते. मतलब, मी पट्टेवाली का?”

“तू लहान आहेस.”

“म्हणजे प्रमोशन झालं की मागे?”

“झालं तर,” बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. मान वळत नसल्यामुळे ते हल्ली सगळेच्या सगळे वळतात आणि साध्या बोलण्यालाही कारणे दाखवा नोटिशीचं वजन येतं. “इतकी वर्षं मागे बसलो. काही झालं नाही.”

“तेव्हा मान वेगळी होती.”

“मान तीच आहे. तूच घाबरून राहिली.”

ते खरंच होतं. डॉक्टरीणबाईंचं वाक्य मी त्यांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते घाबरले असते किंवा मुद्दाम मागे बसले असते, आणि यातलं काय होईल याची मला खात्री नव्हती.

मी निदान तयारी करून ठेवायची ठरवलं. पण काढून ठेवलेलं हेडरेस्ट सापडेना. डिकीत नाही, माळ्यावर नाही, पाण्याच्या टाकीखालच्या कोनाड्यात नाही. नवीन मागवायचं तर उद्या सकाळपर्यंत कसं येणार? मी पलंगाखाली वाकले असताना मुलीने हाक मारली. “आई, इकडे ये. हसू नको.”

बाबांच्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीच्या पाठीत, विणीच्या भोकांतून दोन्ही दांडे खुपसून, वरून मफलरने बांधून, आमच्या गाडीचं हेडरेस्ट बसवलेलं होतं. उंची अचूक. डोक्यामागचं अंतर अचूक.

“ती उशी?” बाबा दारातून म्हणाले. “चांगली आहे ती. गाडीत वाया जात होती.”

बातम्या बघताना मान दुखते म्हणून त्यांनी ती केव्हाच तिथे लावली होती. बटणांच्याही आधी. म्हणजे दुखणं आम्हाला कळण्यापूर्वीपासून ते त्या खुर्चीत एकटे त्याच्याशी जुळवून घेत बसले होते. मला हसू आलं नाही. मुलीलाही नाही.

आम्ही दोघींनी खाली जाऊन ते गाडीत बसवलं. पहिल्यांदा उलटं गेलं. खाचा एकाच दांड्यावर असतात, त्या सीटवरच्या बटणाच्या बाजूला आल्या नाहीत तर ते नुसतंच खालीवर घसरतं. फिरवून घातलं, बटण दाबून वर ओढलं, खट आवाज झाला. मी ते दोन्ही हातांनी खाली दाबून बघितलं. मग पुन्हा बघितलं. मग गाडीला कुलूप लावल्यावर परत उघडून बघितलं.

“आई,” मुलगी म्हणाली, “बस हो गया.”

सकाळी बाबा नेहमीप्रमाणे वेळेआधी तयार होते, म्हणजे आंघोळ करून, पॅंट घालून, शर्टाची दोन्ही टोकं हातात धरून खिडकीपाशी उभे होते. बाहेर बघत असल्यासारखं दाखवत होते. माझी मुलगी गेली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि वरून खाली बटणं लावत गेली. कॉलेजात कुणीतरी कुणालातरी काय म्हटलं याची कहाणी ती सांगत होती. कहाणी शेवटच्या बटणाला संपली. बाबा तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत होते.

मग ते म्हणाले, “टॉवेल पुढे लाव.”

टॉवेलची बदली तातडीने अमलात आली. तो पाठीवर ताणून बसवला, पण हेडरेस्टवर चढू दिला नाही, कारण त्याची घडी मध्ये आली की डोकं तितकं दूर जातं. बाबांना ते अर्धवट वाटलं. टॉवेल वरपासून असतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझा शेरा मान्य केला.

मग त्यांना बसवलं. सीट मागे सरकवली, गुडघ्यांना जागा झाली आणि एअरबॅगपासून छातीला अंतर मिळालं. ते पाठ मागे झुकवून मागत होते, दिवाणखान्यात रेलल्यासारखी. मी ती सरळ केली, कारण पाठ झुकली की डोकं हेडरेस्टपासून सुटून पुढे येतं. कंबर सीटच्या कोपऱ्यात टेकवा म्हटलं, टेकवली. सीटबेल्टचा वरचा हूक एक घर खाली घेतला, पट्टा गळ्याच्या पट्ट्यावर न येता खांद्यावर आला. हेडरेस्ट आणखी एक खाच वर. मुलगी मागून हात घालून अंतर बघत होती. तिची बोटं जेमतेम गेली.

“आता कानांच्या वर आहे का?” मी विचारलं.

“आहे.”

“नीट बघ.”

“आई, आजोबांचे कान मला माहीत आहेत.”

बाबा समोर बघत म्हणाले, “निघा आता. की स्क्रूही तपासणार?”

मागची डावी जागा रिकामी झाली होती, तिथे मुलगी बसली. मांडीवर फायलींची पिशवी, कानात वायर. बाबांनी हात शालीखाली घेतले. डिसेंबर होता.

टोंक रोडवर मी कशी गाडी चालवली हे मला आठवत नाही, कारण मी पुढे बघतच नव्हते. मी आरशात बघत होते. ड्रायव्हिंग शिकवणारे समोरच्या धोक्याचं शिकवतात, आणि आमच्यापुढचा धोका सगळाच मागून येणार होता. कारखान्यांच्या बसेस, लोखंडी सळ्यांचा टेम्पो, स्कूटरवर बसलेलं अख्खं कुटुंब. मी डावीकडून हळू जात होते, त्यामुळे जो तो अगदी जवळ येऊन मग हॉर्न देत होता. सळ्यांचा टेम्पो बराच वेळ आरसा भरून राहिला. तो गेला आणि मी श्वास सोडला. पुढे सिग्नलला थांबले आणि मागून धक्का बसला.

फार मोठा नव्हता. पिशवीतून एक फाइल खाली पडली, एवढा. पण मला तो माझ्याच मणक्यांत ऐकू आला.

मी वळले. बाबांचं डोकं मागे टेकलेलं होतं, हेडरेस्टला. डोळे मिटलेले.

“बाबा!”

डोळे उघडले. “काय?”

“बोटं हलवा.”

“काय?”

“हाताची बोटं हलवून दाखवा.”

“मी काय तुझा दावेदार आहे?” बाबा म्हणाले. “समोर बघ. हिरवा होऊन राहिला.”

एक ई-रिक्षावाला माझ्या खिडकीशी येऊन वाकला होता. “कुछ नहीं हुआ मैडमजी. बस छू गई.” असंच म्हणतात. बस्सीलाही सगळे असंच म्हणाले असणार. मी त्याला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गोंगाट केला आणि मला पुढे निघावं लागलं.

शालीखाली काही हलत नव्हतं. मी डाव्या डोळ्याने बघत होते. मुंग्या येताहेत का, विचारलं, उत्तर नाही. थंडी वाजते का, विचारलं, नाही म्हणाले. मागून मुलगी म्हणाली, “आजोबा, पाणी देऊ?” बाटली घ्यायला हात बाहेर काढावा लागला असता. “नको,” बाबा म्हणाले. आरशात आम्हा दोघींची नजर भेटली आणि आम्ही ती लगेच सोडवली. आता त्यांनी मुद्दाम हात लपवले आहेत, असं मला वाटायला लागलं. काही झालं असेल तर ते आम्हाला सांगणार नाहीत. खुर्चीतल्या हेडरेस्टचं तरी कुठे सांगितलं होतं? मी मनात त्यांना जेवू घालायला लागले होते, घास घास करून, आणि ते भिंतीकडे बघत होते.

सीतापुऱ्याच्या आधी हॉस्पिटलचं फाटक आलं. खाकी गणवेशातला पहारेकरी पुढे आला, टाचा जुळवून उभा राहिला आणि त्याने हात वर केला.

शाल बाजूला झाली. बाबांचा उजवा हात निघाला, कोपरात वाकला, थेट भुवईपर्यंत गेला. पाचही बोटं जुळलेली, सरळ, अंगठा आत घेतलेला. क्षणभर तिथे थांबला आणि रीतसर खाली आला. एक मोठा सरकारी अधिकारी पुढच्या सीटवरून, गळ्यात पट्टा घालून, सलामी स्वीकारत होता. मागे माझ्या मुलीने तोंडावर हात दाबून धरला. मला समोरचं नीट दिसेना, म्हणून मी गाडी तिथेच, फाटकाच्या मधोमध उभी केली.

पहारेकऱ्याने पुन्हा हात वर केला. पार्किंग भरलेलं होतं.