जर्मनीत सामान वर चढवलं

महाडकरांनो, आज सकाळी मी जर्मनीत घरातलं सामान वर चढवलं. हसू नका.

एका सेमिस्टरसाठी इथे शिकायला आलेय. खोली तळमजल्यावर आणि समोरच नदी. आज त्याच नदीतून आमच्या वर्गाची बोटीची सहल होती. पण पहाटेपासून पाऊस लागलेला. मी खिडकीतून पाणी बघितलं आणि हात आपोआप चालायला लागले. पुस्तकं कपाटावर, गादी टेबलावर, सगळे प्लग काढले. पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात.

शेजारच्या खोलीतली लेना बोलवायला आली. "खोली सोडतेयस?" तिने घाबरून विचारलं. पाणी भरेल म्हटलं, तर म्हणाली, "नुसता पाऊस आहे. चल!"

मी गेले नाही. बोट सुटली. दुपारी लख्ख ऊन पडलं.

बाबांना फोन केला. महाडच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान आहे, सावित्री नदीच्या पुराचं पाणी दोनदा आत आलंय. वाटलं, बाबा हसतील. ते म्हणाले, "पासपोर्ट नीट ठेवलास ना?" मग विचारलं, "कशी आहे गं तिथली नदी?"

मला सांगताच येईना. तीन महिने रोज बघतेय, पण बघतेय ते फक्त पुलाच्या खांबावर पाणी कुठवर आलंय एवढंच.

आता तीनच आठवडे उरलेत. सामान अजून वरच आहे. बाहेर राहणाऱ्या महाडकरांनो, खरं सांगा, तुम्हाला कुठलीही नदी नुसती बघता येते का?