चौगुले बाई आणि बंद न झालेलं कार्ड

चौगुले बाईंना कुणी 'हे होणार नाही' म्हटलं की त्या आधी खुर्ची ओढून बसायच्या. उभ्या माणसाला लोक लवकर वाटेला लावतात, बसलेल्याशी दोन शब्द जास्त बोलावे लागतात, असं त्यांचं म्हणणं. आमच्या शाळेचे मुख्याध्यापक, मैदानाची किल्ली सांभाळणारे क्लार्क, स्पर्धा भरवणारी मंडळी, या सगळ्यांनी खुर्ची ओढल्याचा तो आवाज कधी ना कधी ऐकलेला होता.

मंगल चौगुले आमच्या कोल्हापूरच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. मी त्याच आवारातल्या ज्युनिअर कॉलेजात अकाउंट्स शिकवते. बाई उंचीने बेताच्या, उन्हात रापलेल्या. पंजाबी ड्रेस, मनगटावर मोठं पुरुषी घड्याळ आणि बारा महिने कॅनव्हासचे बूट. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला त्या ओरडल्या तरी माझ्या वर्गातली मुलं दचकून सरळ बसायची. कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं 'मी जातो, मी करतो' असंच त्या बोलायच्या. पुण्याहून नवीन रुजू झालेल्या एका सरांनी त्यावरून हसत काहीतरी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "सर, करतो म्हणा न्हाईतर करते म्हणा, काम झाल्याशी मतलब. तुमचं वेळापत्रक झालं का?" सर पुन्हा हसले नाहीत.

कोल्हापुरात फुटबॉलचं वेड पेठापेठांत आहे, पण ते पुरुषांचं. मुलींनी फार तर भावाबरोबर गॅलरीत बसायचं. बाईंनी मुलींचा संघ काढला, तोही शहराबाहेरच्या गावांतून शाळेत येणाऱ्या मुलींचा. "शेतात वाकून काम केलेल्या पोरी हायत. पाय बघ त्यांचं," त्या मला सांगायच्या. त्यांची सगळ्यात आवडती होती गोलकीपर रूपाली. पेठ वडगावच्या अलीकडच्या एका गावातली, अबोल आणि लांब हातांची.

ही रूपाली एकदा आठवडाभर सरावाला आली नाही. बाईंनी शाळा सुटताच मला स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट तिचं घर गाठलं. तिचे वडील, रामभाऊ, गोठ्यात धार काढत होते. बादली बाजूला ठेवून त्यांनी आम्हाला घोंगडं अंथरलं.

"खेळू दे की पोरगी, मला काय वाईट वाटतंय व्हय?" रामभाऊ म्हणाले. "पण सराव सुटेपर्यंत एसटी गेलेली असती. पुढची कवा येती ह्याचा नेम न्हाई. अंधारात फाट्यावर ती एकटी उभी ऱ्हाणार न्हाई, बाई. तेवढं काय मला जमायचं न्हाई."

बाईंनी वाद घातला नाही. "बरोबर हाय तुमचं," त्या म्हणाल्या. "मी गाडी आणतो. ह्या रस्त्यावरच्या सगळ्या पोरी दारापातूर सोडायची जबाबदारी माझी."

"कवा?"

"दिवाळीपर्यंत."

"गाडी आली तर पोरगी येईल," रामभाऊ म्हणाले आणि परत धारेला बसले.

वाटेत मी विचारलं, शाळेकडे तर पैसे नाहीत, मग गाडी कुणाची? वाऱ्यात ओरडून उत्तर आलं, "माझी! बँका कशाला हायत?" त्यात तसं अवघड काही दिसत नव्हतं. बाई एकट्या, राजारामपुरीत आईबरोबर भाड्याने राहणाऱ्या, पक्क्या नोकरीच्या. कुणाचा हप्ता नाही, उसनवारी नाही.

बँकेतला अधिकारी तरुण आणि अदबशीर होता. त्याने संगणकात नाव घातलं, थोडा वेळ वाचलं आणि म्हणाला, "मॅडम, पगार चांगला आहे. पण तुमचा क्रेडिट स्कोअर फारच खाली आहे. हे होणार नाही."

खुर्ची ओढली गेली. "कसला स्कोर? मॅच न खेळताच हरलो व्हय मी?"

त्याने पडदा आमच्याकडे वळवला. दुसऱ्याच एका बँकेचं क्रेडिट कार्ड बाईंच्या नावावर होतं आणि त्याची थकबाकी वर्षानुवर्षं वाढत आली होती. वार्षिक फी भरली नाही म्हणून दंड, दंडासकट सगळ्यावर व्याज.

"ते कार्ड मी एकदाबी वापरलं न्हाई," बाई म्हणाल्या.

"वापरलं की नाही हा प्रश्नच नाही, मॅडम. खातं चालू आहे ना."

बँकेच्या पायऱ्या उतरताना त्यांना सगळं आठवलं. काही वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात टाय लावलेला एक मुलगा स्टाफरूममध्ये कार्ड विकायला आला होता. "घामानं नुसतं भिजलेलं पोरगं. म्हटलं, माझ्या एका सहीनं त्याचं काम होतंय तर होऊ दे." पहिलं वर्ष मोफत होतं. कार्ड घरी आलं, बाईंनी पाकिटातून काढून कात्रीने त्याचे दोन तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले. पुढे घर बदललं, फोन नंबर बदलला. बिलं जुन्या पत्त्यावर जात राहिली.

"कापलं की संपलं, असं वाटलं मला."

"बाई, तुम्ही प्लास्टिक कापलंत," मी म्हटलं. "खातं तसंच राहिलं."

त्या स्कूटरला किक मारायची विसरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बंद करा असं लेखी सांगायला पायजे होतं. ती माझी चूक, मान्य. पण जे मी चालूच केलं न्हाई त्याचं भाडं का भरू? आता बघतोच."

बाईंनी त्या बँकेला नवा नंबर कळवल्यावर तिथल्या वसुलीवाल्याचा फोन आला, तेव्हा आम्ही सगळे स्टाफरूममध्ये होतो. अर्धी रक्कम भरा, तडजोडीत प्रकरण मिटवून टाकू, असं तो सांगत होता. आजूबाजूचे सगळे खुणा करत होते, भरून टाका, सुटाल. मी तेवढी मान हलवून नाही म्हणत होते. तडजोडीने मिटवलेलं खातं आपल्या कर्जफेडीच्या अहवालात, म्हणजे क्रेडिट रिपोर्टमध्ये, तसंच लिहून राहतं आणि पुढची प्रत्येक बँक त्याचा अर्थ एवढाच लावते की या माणसाने पुरतं फेडलं नाही. हे मी बाईंना आदल्याच दिवशी सांगितलं होतं.

बाई फोनवर म्हणाल्या, "हे बघा पावणं. एकतर मी देणं लागतो, मग पुरं देतो. न्हाईतर लागत न्हाई, मग एक पैसा न्हाई. मधलं काय माझ्याकडं मिळत न्हाई."

पुढचे महिने मी विसरणार नाही. शाखेत गेलं की सांगायचे, कार्डाचं इथे होत नाही, हेल्पलाइनला फोन करा. हेल्पलाइनवर वाजंत्री सुरू व्हायची. बाईंनी फोन स्पीकरवर टाकून मैदानाच्या कठड्यावर ठेवायला सुरुवात केली. तिकडे मुली फेऱ्या मारतायत, इकडे सनई वाजतेय. माणूस बोलला की बाई शिट्टी फुंकून मुलींना थांबवायच्या आणि पहिल्यापासून सांगायला लागायच्या. शेवटी प्रत्येकाला एकच, "तुमी चांगलं बोलताय. आता हेच लेखी पाठवा." तक्रार खालच्या अधिकाऱ्याकडून वरच्याकडे गेली, तिथून आणखी वर. मुदतीत नीट उत्तर आलं नाही तेव्हा बाईंनी बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे अर्ज केला. अर्ज मी लिहून दिला होता. त्यातलं 'नम्र विनंती' त्यांनी खोडलं. "नम्र हाय मी. पण विनंती न्हाई ही."

अखेर बँकेने मान्य केलं. कार्ड कधी सुरूच झालं नव्हतं, त्यावर एकही व्यवहार नव्हता. फी, दंड, व्याज सगळं मागे घेतलं, खातं बंद केलं आणि अहवालातली नोंद दुरुस्त करायला कळवलं. बाईंनी ते वाचून लगेच पुन्हा फोन लावला, "बाकी शून्य, खातं बंद, असं पत्र वेगळं पायजे." तेही आलं.

त्याच दुपारी त्या माझ्या वर्गाबाहेर उभ्या राहिल्या. एका हातात दुसरं एक कार्ड, दुसऱ्या हातात कात्री. हे कार्ड त्यांच्या पगाराच्या बँकेचं, खूप जुनं. एका स्पर्धेसाठी मुलींचे बूट त्यावर घेतले होते, वेळेत फेडले होते आणि नंतर त्याला हात लावला नव्हता. "हे बी खलास करतो. आता लेखी अर्ज देऊन, वर कात्री."

मी वर्ग सोडून धावले. "बाई, थांबा! याला फी नाही ना? मग हे राहू दे. तुम्ही वेळेवर फेडता हे दाखवणारं एवढं एकच चालू खातं तुमच्या नावावर आहे. हे बंद केलंत तर बँकेने तुम्हाला ओळखायचं कशावरून? आणि असंच पडू दिलंत तर एखाद्या दिवशी बँकच ते बंद करून टाकेल."

"मग करू काय?"

"महिन्याला एकदा स्कूटरचं पेट्रोल त्यावर भरा. जास्त नको. बिल आलं की तारखेच्या आत सगळं भरून टाका. थोडंसुद्धा मागे ठेवायचं नाही."

बाईंनी कार्ड उलटसुलट बघितलं. "म्हणजे राखीव खेळाडू. खेळवायचा न्हाई, पण पळवत ठेवायचा." कात्री त्यांनी माझ्याच टेबलावर ठेवली.

पण स्कोअर एका रात्रीत वर येत नाही. दिवाळी आली आणि गाडी आली नाही. बाईंनी सबब सांगितली नाही, टाळलंही नाही. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी त्या रामभाऊंच्या दारात गेल्या. मी बरोबर होते. रूपाली उंबऱ्यात रांगोळी काढत होती, ती तशीच थांबली.

"शब्द चुकला माझा," बाई म्हणाल्या. "गाडी न्हाई आली. येणार हाय, पण आज न्हाई. तवर तुमच्या पोरीला मी स्कूटरवर आणून सोडतो. बाकीच्यांचं काय करायचं ते अजून सुचलं न्हाई."

रामभाऊंनी एकदा फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं. बाईंचा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता. मैदानावर हरल्यावरसुद्धा नाही.

"तुमी एकटीनं अंधारात परत जाणार व्हय हायवेनं?" रामभाऊ म्हणाले. "ते नको. माझ्या मेव्हण्याचा टेम्पो सांजंला दूध घेऊन शहरात जातो. रिकामं कॅन घेऊन परत फिरतो. त्याला सांगतो शाळेवरनं यायला. मी बसतो संगती. पोरी मागं बसतील." मग मुलीकडे न बघता म्हणाले, "सांगायला आलात म्हणून म्हणतोय."

त्या हिवाळ्यात आमचा संघ दुधाच्या कॅनच्या खडखडाटात घरी जायचा. बाई रोज टेम्पो दिसेनासा होईपर्यंत फाटकात उभ्या असायच्या आणि महिन्यातून एकदा न चुकता पेट्रोल पंपावर जाऊन जुनं कार्ड पुढे करायच्या.

उन्हाळ्यात त्या पुन्हा त्याच अधिकाऱ्यासमोर गेल्या. त्याने पडदा पाहिला, हसला, उठला आणि स्वतःच खुर्ची ओढून दिली. बाई बसल्याच नाहीत. "सही कुठं करायची तेवढं दाखवा. पोरी थांबल्यात."

गाडी त्या फार वाईट चालवायच्या. गतिरोधक आला की मागून मुलींची किंकाळी ऐकू यायची आणि पुढून बाईंची, "धरून बसायला काय होतंय?" पण त्या वर्षी कुणाचाही सराव बुडाला नाही. संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात एका गोलने हरला. तो गोल रूपालीच्या हातांखालून गेला होता. ती रडत असताना बाई तिच्या शेजारी गवतावर बसल्या आणि म्हणाल्या, "रड. रडून झालं की सांग, चेंडू आला तवा डावा पाय कुठं हुता." रूपाली पुढे विद्यापीठाच्या संघात खेळली.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या निरोप समारंभाला सगळ्यांना वाटलं होतं, त्या फुटबॉलवर बोलतील. त्यांनी माईक बाजूला सारला, त्याची गरजही नव्हती, आणि म्हणाल्या, "सगळ्यांनी आपापला मोबाईल काढा. क्रेडिट रिपोर्ट उघडा. फुकट बघता येतो. तुमच्या नावावर कुठलं कार्ड जिवंत हाय ते मला नको, तुमचं तुमाला कळू दे." मुख्याध्यापकांसकट सगळे खाली माना घालून मोबाईलमध्ये शिरले. असा निरोप समारंभ आमच्या शाळेत पुन्हा झाला नाही. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये तीन कोपऱ्यांत हेल्पलाइनची सनई वाजत होती.

आता बाई मलकापूरला, त्यांच्या मूळ गावी राहतात. गेल्या महिन्यात मी भेटायला गेले. गावाच्या कडेला एका उतारावर दगड वेचणं चाललं होतं. वेचणाऱ्या दहा-बारा मुली आणि त्यांच्यात वाकलेल्या बाई. केस पूर्ण पांढरे, आवाज तोच. ही जागा मैदानासाठी मिळावी म्हणून त्यांचा अर्ज पडून होता. गावकरी त्यांना सांगत होते, तालुक्याचा साहेब कडक आहे, देणार नाही. येत्या सोमवारी त्या तालुक्याला जाणार होत्या.

"आणि साहेब नाही म्हणाला तर?" मी विचारलं.

बाईंनी हातातला दगड बांधावर ठेवला, कंबर सरळ केली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही चुकीचं खेळले होते.

"न्हाई म्हणायला तरी त्याला मला भेटावं लागंल की."